घडीचे घर

भाऊबीज आटोपते, आकाशकंदील उतरून माळ्यावर जातो, फराळाच्या डब्यांच्या तळाशी चार चकल्या आणि चिवड्यातला कढीलिंब तेवढा उरतो, आणि मग शहरातल्या घरांतून प्रवासाचे बेत सुरू होतात. मुलांना शाळा नसते, हवा छान पडलेली असते. पूर्वी अशा वेळी मामाचे गाव नाहीतर महाबळेश्वर ठरलेले असे. आता त्यांत घडीच्या तंबूची भर पडली आहे. मोटारीच्या मागच्या भागात एक गुंडाळी टाकायची, एखाद्या तलावाच्या काठी ती उलगडायची आणि दोन रात्री रानात काढायच्या, ही हौस आता मध्यमवर्गातही शिरली आहे. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने घरगाड्यांच्या पर्यटनाचे धोरणच जाहीर केले. तेव्हा ही हौस कुठवर आली आहे ते पाहा!

परंतु ज्यांनी असा बेत एकदा तरी पार पाडला असेल त्यांना ठाऊक आहे, की खरा घोळ तंबूचा नसतो, तंबूच्या सोबतीचा असतो. तंबू भरतो पाच-सात किलो. त्याच्याबरोबर निघालेली शेगडी, घडीच्या खुर्च्या, घडीचे टेबल, पाण्याची पिंपे, दिवे, उशा आणि ‘असू दे, लागेल’ म्हणून घेतलेल्या वस्तू मात्र गाडीत मावत नाहीत. आणि इतके सारे करून मुक्कामाला पोहोचावे, तो काडेपेटी घरी राहिलेली!

घडीच्या घराबरोबर काय न्यावे आणि काय नेऊ नये, हे शास्त्र ज्यांना पुरते अवगत आहे अशी माणसे आपल्या महाराष्ट्रात लाखांनी आहेत. त्यांनी ते कुठल्या पुस्तकातून शिकलेले नाही, आणि हौसेने तर मुळीच नाही. शहरात आपण सहलीची बांधाबांध करीत असतो, नेमक्या त्याच दिवसांत त्यांचीही बांधाबांध चाललेली असते. फरक इतकाच, की आपली सहल दोन रात्रींची असते आणि त्यांचा मुक्काम पाच-सहा महिन्यांचा. ही माणसे म्हणजे ऊसतोड कामगार. त्यांचे घडीचे घर आणि त्या घराची सोबत पाहावी, म्हणून गेल्या दिवाळीत जालना जिल्ह्यातल्या मंठा तालुक्यात एका गावाच्या वेशीशी जाऊन उभी राहिले.

वेशीवरचा ट्रक

जालना जिल्हा तसा तरुण. १ मे १९८१ रोजी तो औरंगाबाद आणि परभणी या जिल्ह्यांतून वेगळा झाला. बियाण्यांच्या कंपन्या, लोखंडाचे कारखाने आणि मोसंबी यांनी त्याचे नाव दूरवर गेले आहे. या जिल्ह्याचे रूप मात्र दुहेरी आहे. पैठणच्या नाथसागरातून निघालेला डावा कालवा अंबड-घनसावंगीकडच्या शेतांना पाणी देतो. तिकडे ऊस उभा राहतो, अंकुशनगरला सहकारी साखर कारखानाही आहे. कालव्यापासून दूर गेले, की सारी भिस्त पावसावर. कापूस आणि सोयाबीन एकदा घरात आले, किंवा पावसाने दगा दिला आणि आलेच नाही, की पुढच्या पावसाळ्यापर्यंत रानात हाताला काम नाही. मग काही गावांतली आणि तांड्यांवरची कुटुंबेच्या कुटुंबे उचल घेऊन ऊस तोडायला निघतात. कोणी जिल्ह्यातच जवळच्या कारखान्याला, कोणी अहिल्यानगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूरकडे, तर कोणी थेट कर्नाटकात.

‘उचल’ म्हणजे मुकादमाने हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम. ती पुढे तोडलेल्या उसातून फिटते. न फिटली तर पुढच्या वर्षी डोक्यावर राहते. या धंद्यात माणसे मोजीत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवऱ्याने तोडावे, बायकोने पाचट काढावे, मोळ्या बांधाव्या, डोक्यावरून वाहून गाडीत चढवाव्या. दोघांपैकी एकाला जाता येत नसेल तर मागे राहतो तो अर्धा कोयता! मुले या हिशेबात कुठेच नसतात. ती नुसती बरोबर असतात.

जवळच्या कारखान्याला जाणाऱ्यांच्या बैलगाड्या आपल्या चाकांवर निघतात. दूर जाणाऱ्यांसाठी ट्रक येतो. त्यांत माणसे, लहान मुले, बैल असले तर बैल, एखादी शेळी, टोपलीखाली झाकलेल्या दोन कोंबड्या आणि कित्येक कुटुंबांचे संसार. एका कुटुंबाच्या वाट्याला जेमतेम एका बाजेएवढी जागा आली तर आली. तेवढ्या जागेत पाच-सहा महिन्यांचे घर बसवावयाचे. आता सांगा, काय घ्याल?

घराची घडी

प्रथम घर. त्याला म्हणतात कोपी. बांबूचे चार-सहा दांडे, विणलेले तट्टे, वरून ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक, आणि हे सारे जखडून ठेवणारी सुतळी. दोन बाजूंचे तट्टे वर एकमेकांना टेकवायचे, की झाले छप्पर आणि त्याच झाल्या भिंती. दार इतके बुटके, की आत जाताना वाकावेच लागते. आत मधोमध तेवढे उभे राहता येते. काही कारखाने बांबू आणि तट्टे देतात. नाही तर तेही सामानात येतात. सरावलेले जोडपे दिवस मावळायच्या आत ही कोपी उभी करते.

बैलगाडीने ऊस वाहणारे बहुधा सारा हंगाम कारखान्याजवळच्या एकाच तळावर राहतात. ट्रक-ट्रॅक्टर भरून देणाऱ्या टोळ्यांचे तसे नाही. आज या गावचा फड संपला, की उद्या पुढच्या गावी. त्यांना एका हंगामात हे घर कितीदा तरी मोडावे आणि मांडावे लागते. म्हणून त्यांच्या कोपीत एकही खिळा आढळणार नाही. खिळा ठोकला की तो काढताना तट्टा फाटतो. गाठ सोडली की सुतळी पुन्हा कामाला येते. आपल्याकडे तंबूबरोबर जे सामान येते त्यात पहिली मोडतात ती खुंट्यांची टोके. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत तर त्या बारीक खुंट्यांची फजितीच होते. माती ओली असली तर खुंटी लोण्यात सुरी शिरावी तशी शिरते आणि तशीच निघून येते. वाळली तर भेगांत हलत राहते. तेथे हातभर लांबीची, रुंद, लाकडी मेखच हवी, आणि ती छपराच्या उलट दिशेला कलती ठोकावी. काळ्या रानात तंबू लावणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी अर्ध्या रात्री अंगावर कापड पडायचे नाही.

कोपीभोवती वीतभर खोल चर खणतात. नोव्हेंबर ते एप्रिल म्हणजे कोरडे दिवस खरे, परंतु अवकाळी पाऊस काही पंचांग पाहून येत नाही. चर असला तर पाणी बाहेरून निघून जाते. आत जमीन चोपून सारवायची, त्यावर पाचटाचा थर, त्यावर पोते आणि त्यावर वाकळ. पाचटाची ऊब चांगली असते. पण तेच पाचट बारूदही आहे. एक ठिणगी पुरते. म्हणून चूल कोपीच्या बाहेर, वाऱ्याची दिशा पाहून आणि चार पावले लांब. तंबूत शेगडी पेटवणाऱ्या हौशी मंडळींनी हा धडा जरूर घ्यावा. कापडाच्या घरात आग कोपऱ्यात बसून राहत नाही. आणि बंद तंबूत निखाऱ्याचा धूर झोपलेल्या माणसाला उठू देत नाही.

एका वस्तूला तीन कामे

ट्रकच्या मागे एक मावशी पोती मोजीत उभी होती. रिकामी, धुतलेली, घड्या घातलेली दहा-बारा पोती. मी विचारले, “मावशी, एवढ्या पोत्यांचे काय करणार?”

“आवो ताई, पोत्याबिगर कसं चालंल?” ती म्हणाली. “थंडी पडली की अंथराया पोतं, पाऊस आला की डोक्यावर खोळ करून घ्याया पोतं, सरपण आणाया पोतं. येताना त्येच्यातच दाणं भरून आणायचं.”

मावशीने सांगितले ते सगळ्या घडीच्या घरांचे सूत्र आहे. जी वस्तू एकच काम करते तिला गाडीत जागा नाही. या दृष्टीने ते सामान न्याहाळू लागले, तो एकेक गंमत दिसू लागली. लाकडी काटवट पीठ मळायला तर आहेच, पण तीच पालथी घातली की भाकरीच्या टोपल्यावरचे झाकण, आणि मांजर-कुत्र्यापासून राखण. जुने लुगडे म्हणजे तर कल्पवृक्षच! दोन फांद्यांना किंवा गाडीच्या साटीखाली बांधले की तान्ह्याची झोळी, कोपीच्या तोंडावर सोडले की दार, चार काठ्यांभोवती गुंडाळले की न्हाणी, आणि अगदी विरले की फाडून चुंबळ. चुंबळ म्हणजे मोळी वाहताना डोक्यावर ठेवायची कापडाची गोल गुंडाळी. मोळी तीस-चाळीस किलोंपर्यंत भरते. दिवसभरात अशा कितीतरी खेपा. मानेचा मणका आणि तो भार यांच्या मध्ये जे काही असते ते एवढेच.

भांडी मोजकी. तवा, परात, दोन भगुनी, तांब्या, चार ताटल्या, उलथने, फुंकणी. सारी एकात एक बसणारी, सर्वांत मोठ्या भगुन्याच्या पोटात सगळा स्वयंपाकघर! ज्वारी-बाजरी घरचीच, पोत्यात. तिखट-मीठ, शेंगदाण्याची चटणी, थोडी डाळ हे झाकणाच्या डब्यांतून. काचेची बरणी कुठेही नाही. धंद्याच्या हत्यारांत कोयते, त्यांना धार लावायची कानस आणि दोर. बैलवाल्यांकडे दावी, मुसक्या, वंगणाचा डबा. आणि गाडी रबरी टायरची असेल तर हवेचा पंप. कानस आणि पंप ही दोन आपल्या मालकीची असावीत, शेजाऱ्याकडे मागू नयेत, असा दंडक. पहाटे चार वाजता शेजाऱ्यालाही तीच हवी असतात.

एक गोष्ट मात्र चमत्कारिक वाटली. घराला दार नाही, पण संसारात कुलूप आहे. ते असते पत्र्याच्या पेटीला. त्या पेटीविषयी पुढे सांगेन.

हे पाहताना इंग्लंडमधल्या एका घरगाडीची आठवण झाली. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका निवृत्त आरमारी डॉक्टराने १८८५ साली हौसेच्या प्रवासासाठी खास घोड्यांची घरगाडी बांधवून घेतली. तिचे नाव ‘वाँडरर’, म्हणजे भटकी. वजन सुमारे दोन टन, ओढायला दोन दांडगे घोडे, आणि पुढे रस्त्यावरच्या लोकांना सावध करायला तीनचाकी सायकलवर एक नोकर! हौशी घरगाड्यांची ती आद्य आजीबाई. पुढे मोटारी आल्या, गाड्या लहान झाल्या, भिंती कापडाच्या झाल्या, आणि आता युरोप-अमेरिकेत मोटारीमागे जोडायचे, घडी घातले की पेटीएवढे होणारे घर मिळते. वस्तू घालवीत घालवीत त्यांनी दोन टनांचे ओझे हलके केले. आमच्या मंठ्याच्या मावशीला घालवायला पहिल्यापासून काही नव्हते, एवढाच भेद.

पाणी, दिवा आणि मच्छरदाणी

आता तीन वस्तू अशा, की ज्यांच्यावाचून घडीचे घर हे घर होत नाही. मग ते हौशी असो की पोटापाण्याचे.

पहिली वस्तू पाण्याचे भांडे. पिण्या-स्वयंपाकाला माणशी सात-आठ लिटर पाणी दिवसाला लागतेच. घरात पाच माणसे असली तर चाळीस लिटर, म्हणजे चाळीस किलो. हे वजन मुक्कामाच्या जागी कोणी तरी डोक्यावरून आणते, आणि ते ‘कोणी तरी’ बहुतेक वेळा बारा वर्षांची पोर असते. पूर्वी हंडा-कळशी असे. आता वीस लिटरचे झाकणाचे प्लास्टिकचे डबे आले आहेत. त्यांचा फायदा हलकेपणात जितका, तितकाच झाकणात आहे. उघड्या भांड्यात तांब्या बुडवला की हाताची घाण पाण्यात उतरते. डब्याला खाली तोटी असेल तर तोही प्रश्न मिटतो. गढूळ पाणी तुरटीने निवळते, पण तुरटीने जंतू मरत नाहीत. त्यासाठी उकळावे किंवा क्लोरीनचे थेंब घालून अर्धा तास थांबावे. त्या थेंबांची बाटली खिशात मावते.

दुसरी दिवा. ऊसतोडीचा दिवस कोंबड्याच्या आधी उजाडतो. कारखान्याचा ट्रक मध्यरात्री आला, तर मध्यरात्री भरून द्यावा लागतो. पूर्वी कंदील आणि चिमणी यांवर भागत असे, आणि तट्टे-पाचटाच्या घरात ती दोन्ही जिवावरची. आता कपाळाला बांधायची बॅटरी आली आहे. तिने दोन्ही हात मोकळे राहतात. सौर कंदीलही काही ठिकाणी दिसतो. दिवसभर कोपीवर उन्हात ठेवला की रात्रीचे काही तास काढतो. सामानात ज्या घरी तो होता, त्या घरची मुलगी तो कोणाला हात लावू देईना. पाचवीत होती. “रातच्याला मी वाचते,” ती म्हणाली. कोणते पुस्तक नेते आहेस, असे विचारले तेव्हा तिने ओढणीच्या गाठोड्यातून मराठीचे आणि गणिताचे, अशी दोन पुस्तके काढून दाखवली.

तिसरी वस्तू मच्छरदाणी. हिला वाचक डासांची वस्तू समजतील. पण तिचे मोठे काम वेगळेच आहे. आपल्याकडच्या विषारी सापांत नाग, घोणस आणि फुरसे यांच्याबरोबर मण्यार मोडते. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. दंश इतका बारीक, की पुष्कळदा जाग येत नाही. सूजही फारशी येत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, आणि तोवर उशीर होत आलेला असतो. उसाच्या फडात उंदीर असतात, उंदरांमागे साप येतात. बाज नेणे परवडत नाही. अशा वेळी कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी ही जमिनीवर झोपणाऱ्याची मोठी राखण आहे. वजन अर्धा किलोच्या आतबाहेर. तंबू घेऊन रानात जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ती न्यावी. आणि दंश झालाच, तर मांत्रिक नाही, चिरा नाही, आवळपट्टी नाही. माणसाला हलू न देता सरळ सरकारी दवाखाना, जेथे सर्पविषावरची लस असते.

पेटीतले कागद

आता ती कुलपाची पेटी. दागिने असतील असे वाटून मी विचारले, तर मावशी हसली. पेटीत होते कागद. आधार कार्ड, बँकेचे पुस्तक, मुलांचे शाळेचे दाखले, लेकराच्या लसींचे कार्ड आणि शिधापत्रिका, एका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. “दागिनं काय, पुन्हा करता येत्यात,” ती म्हणाली, “कागद भिजला की हापिसात कोण उभं करतंय?”

खरेच, गाडीत सर्वांत कमी जागा घेणारी आणि सर्वांत मोलाची अशी ही सोबत आहे. पूर्वी गाव सोडले की शिधापत्रिका निरुपयोगी होई. धान्य गावात, खाणारी तोंडे कोल्हापुरात. २०२० पासून ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही सोय महाराष्ट्रात लागू झाली, आणि नियमाप्रमाणे मुक्कामाजवळच्या दुकानातूनही आपला वाटा उचलता येतो. लसीचे कार्ड बरोबर असेल तर बाळाचा चुकलेला डोस दुसऱ्या गावच्या आरोग्य केंद्रात घेता येतो. कित्येकांना हे सांगणारे मात्र कोणी भेटत नाही.

जे गाडीत मावत नाही

येथवर वाचून कोणाला वाटेल, की किती सुटसुटीत हा संसार! आपणही असेच राहावे! पण थांबा. परदेशातले ते घडीचे घर इतके लहान का राहू शकते, याचा आपण विचार करीत नाही. ते राहते, कारण जेथे ते उलगडायचे त्या तळावर नळ असतो, न्हाणीघर असते, शौचकूप असते, विजेची जोडणी असते, मुलांना खेळायला अंगण असते. घरातले निम्मे घर तळाने सांभाळलेले असते. म्हणून पेटीएवढ्या घरात माणसे सुखाने राहतात.

आमच्या कोपीचे दुखणे नेमके तेथे आहे. ती लहान आहे म्हणून हाल नाहीत. ती जेथे उभी राहते तो तळ रिकामा आहे म्हणून हाल आहेत. चार काठ्यांना लुगडे गुंडाळून केलेल्या न्हाणीत बाईने आंघोळ करायची ती उजाडायच्या आत. शौचाला जायचे तेही अंधारात. दिवसभर लाज राखायची म्हणून पाणी कमी प्यायचे. महिन्याच्या त्या चार दिवसांत धुवायला पाणी नाही, बदलायला आडोसा नाही, आणि एक दिवस बसून राहावे तर खाडा पडतो, म्हणजे पैसे कापले जातात. या सगळ्याचा शेवट काय होतो, ते २०१९ साली उघड झाले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. तिने शेजारच्या बीड जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. दुखणे अंगावर काढायचे, खाडा पडू नये म्हणून घाई करायची, आणि शेवटी ‘पिशवी काढली की सुटलीस’ असे सांगणारा कोणी तरी भेटायचा, असा तो रस्ता आहे. त्याची सुरुवात एका न्हाणीच्या आणि एका शौचकुपाच्या अभावापासून होते.

ही वस्तू बाईने गाठोड्यात बांधून न्यायची म्हटली तरी नेता येत नाही. शाळेचेही तसेच. मुलांसाठी कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा निघाल्या. पुढे मुलांना गावीच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे आली. जेथे ती नीट चालतात तेथे मूल आजीजवळ राहते आणि शाळा सुटत नाही. जेथे चालत नाहीत तेथे आई-बाप काय करणार? वयात येऊ लागलेली मुलगी मागे कोणावर सोपवायची? ते तिला बरोबर घेतात. आणि बरोबर आलेली मुलगी धाकट्या भावंडाला राखते, पाणी भरते, भाकरी थापते. सौर कंदिलाची मालकीण असलेली ती पोरही ट्रकमध्ये चढली.

हे अशक्य कोटीतले आहे, असे म्हणायला जागा नाही. आषाढी वारीत लाखो माणसांचा मुक्काम रोज नव्या गावी पडतो. तेथे टँकर येतात, फिरती शौचालये येतात, दवाखाना येतो, दिवे लागतात. पालखीतळ आज येथे, उद्या तेथे. तरी व्यवस्था त्याच्या पुढे धावते. वारी अठरा-वीस दिवसांची आणि ऊसतोड पाच-सहा महिन्यांची. कोणत्या फडावर कोणती टोळी कधी जाणार, हे कारखान्याच्या शेतकी खात्याला आधी माहीत असते. ऊस वेळेवर आणायचा म्हणून ते पक्के लिहून ठेवलेले असते. त्याच वहीवरून पाण्याचा टँकर आणि फिरते न्हाणीघर पाठवायला हरकत कसली?

पुढच्या सहलीला निघताना

आपल्या सहलीपुरते सांगायचे, तर यादी छोटी आहे. रुंद मेखा आणि एक हातोडा. वीस हात दोर. तोटीचा, झाकणाचा पाण्याचा डबा. कपाळाला बांधायची बॅटरी आणि एक सौर कंदील. चारी बाजूंनी खोचता येईल अशी मच्छरदाणी. एकात एक बसणारी भांडी. दोन जुनी लुगडी, चार पोती. औषधांची पिशवी, कागदांची पिशवी, आणि काडेपेट्या दोन, वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या. बाकी सारे घरी राहू द्या. आणि जागा निवडताना तलावाच्या आधी नळ आणि न्हाणीघर कुठे आहे ते पाहा. घरातल्या बायका दुवा देतील.

मग रस्त्याने जाताना, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत केव्हाही, कारखान्याच्या आसपास माळावर तट्ट्यांच्या कोपींची रांग दिसेल. मुलांना ती जरूर दाखवा. ‘बघा, यांचाही तंबू!’ असे मात्र म्हणू नका. घरी आल्यावर चहात साखर घालताना त्या रांगेची आठवण करून द्या, आणि तुमच्या भागातल्या कारखान्याच्या संचालकांत कोणी ओळखीचे असतील, आमदारांकडे जाणे-येणे असेल, तर एवढेच विचारा, की तळावर पाणी आणि न्हाणीघर आहे ना? पांढरपेशा माणसाच्या एका प्रश्नाने पुष्कळदा अडलेला कागद हलतो, हे आपण आपल्या गल्लीच्या नळापायी अनुभवलेले आहेच.

वेशीवरचा ट्रक भरायला दुपार झाली. सर्वांत शेवटी मावशीने पोती चढवली, त्यांवर धाकट्या नातवाला बसवले आणि खाली उतरून आपल्या घराला कडी घातली. मातीचे घर, पुढे शेणाने सारवलेले अंगण, आणि त्यावर पाडव्याची रांगोळी अजून पुसट दिसत होती.

“कधी येणार परत, मावशी?”

“पाडव्याला बघा की,” ती म्हणाली. मी चमकले, दिवाळीचा पाडवा तर नुकताच झाला होता. मग उमगले. ती गुढीपाडव्याविषयी बोलत होती.